खिशातला चाकू : स्विस की ओपिनेल?

मराठीतील 'हत्यार' हा शब्द दुहेरी अर्थाचा आहे. सुताराच्या पटाशीला हत्यार म्हणतात, न्हाव्याच्या वस्तऱ्याला हत्यार म्हणतात आणि पोलिसांच्या पंचनाम्यात गुप्तीचा उल्लेखही हत्यार म्हणूनच होतो. घडी करून खिशात ठेवता येणारा छोटा चाकू या दोन अर्थांच्या सीमेवर उभा असतो. फळ चिरणे, पार्सलची दोरी कापणे, पेन्सिलीला टोक करणे ही त्याची कामे. परंतु वेळ, जागा आणि हेतू बदलला की तोच चाकू शस्त्र ठरू शकतो. त्यामुळे रोज जवळ बाळगण्यासाठी चाकू निवडताना केवळ पात्याची धार पाहून भागत नाही. तो कसा उघडतो, कसा मिटतो, कोठे नेता येतो आणि पाहणाऱ्याला काय वाटतो, याचाही विचार करावा लागतो.

कामाचे साधन अंगावर बाळगण्याची सवय आपल्याकडे नवी नाही. कमरेच्या चंचीत सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता घेऊन फिरणारी पिढी फार जुनी झालेली नाही. अडकित्ता हेदेखील खिळ्यावर फिरणारे, धारदार पात्याचे आणि मिटवून ठेवता येणारे साधनच होय. आंब्याची कलमे बांधणाऱ्या बागायतदाराजवळ आजही घडीचा कलमचाकू असतो. घडी घालून सोबत नेता येणाऱ्या साधनांच्या इतिहासात खुद्द येरवड्याचेही नाव आहे. १९३० च्या दशकात येथील कारागृहात असताना महात्मा गांधींनी पेटीत मिटवून प्रवासात नेता येईल अशा चरख्यावर काम केले. तो पुढे येरवड्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. रोजच्या वापराचे साधन सुटसुटीत, हलके आणि कोठेही उघडता येण्याजोगे असावे, ही गरज चरख्याची होती तशीच ती चाकूचीही आहे.

आज येरवड्यातून कल्याणीनगर, विमाननगर किंवा खराडीच्या कार्यालयांत जाणाऱ्या आणि शनिवार-रविवारी सह्याद्रीत भटकंतीला निघणाऱ्या मंडळींच्या पाठपिशवीत असा चाकू अनेकदा आढळतो. बाजारात त्याचे असंख्य प्रकार आहेत. तथापि सर्वसामान्य वापरासाठी दोन नावे वारंवार पुढे येतात. एक म्हणजे लाल मुठीचा 'स्विस चाकू', अर्थात व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा स्पार्टन हा नमुना. दुसरा म्हणजे लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल क्रमांक ८. दोघांची ख्याती सव्वाशे वर्षांहून अधिक काळची आहे, दोन्ही खिशात मावतात आणि दोन्हींची धार उत्तम असते. असे असूनही दोहोंचा स्वभाव अगदी भिन्न आहे.

आल्प्सची दोन अपत्ये

दोन्ही चाकू आल्प्स पर्वताच्या परिसरात आणि जवळजवळ एकाच काळात जन्मले. स्वित्झर्लंडमधील श्वित्स परगण्यातील इबाख या गावी कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये चाकू बनविण्याची कार्यशाळा सुरू केली. त्या काळी स्विस सैनिकांना लागणारे चाकू जर्मनीतील झोलिंगेन येथून येत. हे काम देशातच व्हावे या जिद्दीने एल्सनर यांनी प्रयत्न केले आणि १८९१ मध्ये त्यांच्याकडून सैन्याला चाकूंचा पुरवठा झाला. शिपायाचा तो चाकू जड होता. त्यापेक्षा हलका व अधिक साधने असलेला 'अधिकाऱ्यांचा चाकू' त्यांनी तयार केला आणि १२ जून १८९७ रोजी त्याची नोंदणी झाली. आज स्विस चाकू म्हणून जो ओळखला जातो, त्याचे मूळ हेच.

कंपनीच्या नावालाही एक कौटुंबिक कथा आहे. १९०९ मध्ये एल्सनर यांच्या मातोश्री व्हिक्टोरिया यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे नाव कंपनीला देण्यात आले. पुढे न गंजणारे पोलाद वापरात आल्यावर, त्या पोलादाच्या 'इनॉक्स' या फ्रेंच नावाची जोड मिळून १९२१ मध्ये 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव तयार झाले.

ओपिनेलचा जन्म सैन्यासाठी झाला नाही. फ्रान्समधील सॅव्हॉय या डोंगराळ प्रांतात शेतीची अवजारे घडविणाऱ्या कुटुंबातील जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू बनविला. एक पाते, एक लाकडी मूठ आणि दोहोंना जोडणारा एक खिळा, एवढेच त्याचे भाग. १८९७ पर्यंत त्याने एक ते बारा अशा क्रमांकांची मालिका तयार केली. त्यांतील क्रमांक १ व ११ पुढे बंद झाले. पात्यावरील मुकुटधारी हाताची मुद्रा १९०९ पासूनची आहे. गवळी, मेंढपाळ, द्राक्षबागेतील मजूर यांच्या खिशात हा चाकू वावरला. दुपारची भाकरी, चीज आणि फळ कापण्यासाठी घडलेली ही वस्तू आहे आणि तिची वृत्ती अद्याप बदललेली नाही.

बिजागरीचे रहस्य

घडीच्या चाकूत सर्वांत महत्त्वाचा भाग पाते नसून पाते व मूठ यांचा सांधा होय. पाते उघडे राहते कशामुळे आणि वापरताना ते अवचित मिटणार नाही याची हमी कोणती, या प्रश्नांच्या उत्तरावरच चाकूची उपयुक्तता आणि सुरक्षितता अवलंबून असते. नेमक्या याच ठिकाणी आपल्या दोन चाकूंच्या वाटा वेगळ्या होतात.

स्पार्टनच्या मुठीत पाठीच्या बाजूने पोलादी पट्टीची स्प्रिंग बसविलेली असते. ती पात्याच्या बुडावर सतत दाब देते. पाते पूर्ण उघडले की बुडाचा सपाट भाग स्प्रिंगला भिडतो आणि पाते स्थिर राहते; मिटल्यावरही तसेच घडते. मात्र हे कुलूप नव्हे. पात्याच्या पाठीवर पुरेसा जोर पडला तर स्प्रिंग मागे हटते आणि पाते मिटू लागते. चाकूचे टोक एखाद्या वस्तूत खुपसून फिरविण्याचा प्रयत्न केल्यास पाते बोटांवर मिटण्याचा धोका असतो. चाकूने खाली दाब देऊन कापावे, खुपसू नये, हा या रचनेचा अलिखित नियम आहे.

ओपिनेलमध्ये स्प्रिंग मुळीच नाही. मूळ रचनेत पाते केवळ लाकडाच्या घर्षणावर उघडे राहत असे. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्यावर एक पोलादी कडे बसविले. 'व्हिरोब्लॉक' या नावाने ते ओळखले जाते. पाते उघडून कडे बोटाने फिरविले की त्याची फट पात्याच्या मागून सरकते आणि पाते पक्के अडते. नंतरच्या सुधारणेमुळे मिटलेल्या अवस्थेतही ते अडकवून ठेवता येते. म्हणजे पिशवीत चाकू आपोआप उघडण्याची भीती राहत नाही. क्रमांक ६ पासूनच्या चाकूंना हे कडे असते. २ ते ५ या लहान क्रमांकांना नसते.

येथे एक बाब लक्षात घ्यावयास हवी. दोहोंपैकी एकही चाकू बटण दाबून किंवा झटका देऊन उघडणारा नाही. पात्यावरील खाचेत नख अडकवून, दुसऱ्या हाताने मूठ धरून तो सावकाश उघडावा लागतो. ही गैरसोय वाटली तरी तेच या चाकूंचे सौजन्य आहे. घाईघाईत, रागाच्या भरात एका हाताने उपसावा असा हा चाकू नाही आणि कायद्याच्या दृष्टीनेही या गोष्टीला महत्त्व आहे.

पोलाद, पाणी आणि पुण्याचा पावसाळा

लोहार पात्याला 'पाणी देतो' म्हणजे तापविलेले पोलाद एकदम थंड करून त्याला कठीणपणा आणतो. पोलादात कार्बन असल्याशिवाय हे पाणी चढत नाही आणि क्रोमियम पुरेसे असल्याशिवाय गंज टळत नाही. चाकूच्या पोलादाची सारी कसरत या दोन मूलद्रव्यांचा मेळ घालण्यात असते.

व्हिक्टोरिनॉक्स आपल्या पात्यांसाठी सुमारे १४ टक्के क्रोमियम असलेले, न गंजणारे पोलाद वापरते. त्याचा कठीणपणा मुद्दाम मध्यम ठेवलेला असतो. त्यामुळे धार फार दिवस टिकत नाही. परंतु ती पुन्हा लावणे अत्यंत सोपे असते आणि पाते सहसा चिरफळत नाही. ओपिनेल दोन प्रकारांत मिळतो. एक न गंजणाऱ्या पोलादाचा आणि दुसरा सुमारे ०.९ टक्के कार्बन असलेल्या साध्या पोलादाचा. दुसऱ्या प्रकाराची धार अतिशय तीक्ष्ण होते आणि चाहते त्याचीच तरफदारी करतात.

परंतु फ्रान्सच्या डोंगरातील कोरडी हवा आणि पुण्याचा आषाढ यांत फरक आहे. घरातील जुन्या लोखंडी विळीवर कैरी किंवा केळफूल चिरल्यावर पाते कसे काळवंडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना कार्बन पोलादाचा स्वभाव निराळा सांगावयास नको. लिंबू, कैरी, कांदा यांच्या रसाने पाते करडे-काळे पडते, फळाला लोखंडाचा वास येतो आणि ओले पाते मिटून ठेवल्यास दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके दिसतात. जून ते सप्टेंबर या काळात पाठपिशवीच्या कप्प्यात दमट हवेत राहणाऱ्या चाकूसाठी न गंजणारे पाते घेणेच शहाणपणाचे ठरते.

ओपिनेलच्या मुठीचाही पावसाळ्याशी संबंध येतो. ती बहुधा बीच वृक्षाच्या लाकडाची असते. लाकूड पाणी शोषून फुगते आणि खोबणीत पाते घट्ट आवळले जाते. मग नखाने ते उघडत नाही. सॅव्हॉयच्या शेतकऱ्यांनी त्यावर एक युक्ती शोधली होती. कडे मोकळे करून मुठीचे टोक टेबलावर हलकेच आपटले की पाते थोडे बाहेर येते. युक्ती कामाची आहे. परंतु चार महिने पावसाळा असलेल्या मुलखात ती वारंवार करावी लागणार, हेही ध्यानात ठेवावे. स्पार्टनच्या मुठीवर प्लास्टिकचे आवरण असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

रोजच्या कामाची कसोटी

मापे पाहिली तर स्पार्टन मिटलेल्या अवस्थेत ९.१ सेंटिमीटर लांब असून वजन सुमारे ६० ग्रॅम भरते. त्यात मोठे व छोटे अशी दोन पाती, डबा उघडण्याचे व बाटलीचे झाकण काढण्याचे साधन, दोन मापांचे स्क्रू-ड्रायव्हर, तार सोलण्याची खाच, भोक पाडण्याची आरी, बुचाचा मळसूत्री खिळा, चिमटा आणि दातकोरणे असते. ओपिनेल क्रमांक ८ मिटल्यावर सुमारे ११ सेंटिमीटर लांब असतो, पाते ८.५ सेंटिमीटरचे आणि वजन मात्र स्पार्टनपेक्षाही कमी. त्यात पात्याखेरीज दुसरे काहीही नाही.

काकडी, सफरचंद, पेरू किंवा पाव कापावयाचा असेल तर ओपिनेल निःसंशय सरस ठरतो. त्याचे पाते पातळ असून पाठीकडून धारेकडे किंचित फुगीर उतरत जाते, त्यामुळे ते फळात अडकत नाही. गोल मूठ तळहातात भरून बसते. चार जणांची कोशिंबीर करावयाची वेळ आल्यास हात दुखत नाही. याउलट स्पार्टनची मूठ लहान व चपटी असल्याने दीर्घकाळ कापण्याच्या कामाला ती सोयीची नाही. फळाचा रस व गर तिच्या फटींत शिरतो आणि वेळीच धुतला नाही तर तेथेच वाळतो.

मात्र शहरातील दिवसाची कामे निराळी असतात. घरपोच आलेल्या खोक्याची चिकटपट्टी कापणे, चष्म्याचा किंवा प्लगचा सैल झालेला स्क्रू आवळणे, तारेचे आवरण सोलणे, बोटात शिरलेली कुसळे चिमट्याने काढणे, पट्ट्याला जादा भोक पाडणे, अशी ती कामे होत. यांत पात्याचा वाटा निम्म्याहूनही कमी असतो. या यादीतील बहुतेक कामांपुढे ओपिनेल निरुपाय ठरतो. पात्याचे टोक स्क्रूत घालून फिरविण्याचा मोह झाला, तर टोक मोडते आणि बहुधा बोटही कापते.

सारांश, ओपिनेल हा घडीचा केलेला उत्तम स्वयंपाकघरातील चाकू आहे. स्पार्टन ही छोटी अवजारपेटी असून तिच्यात चाकूही आहे. दोघांची तुलना करताना हा मूलभूत फरक दृष्टीआड करून चालणार नाही.

रामपुरीची सावली

घडीच्या चाकूविषयी भारतीय मनात जे चित्र आहे, ते स्वित्झर्लंड किंवा फ्रान्समधून आलेले नाही. ते उत्तर प्रदेशातील रामपूर येथून आले आहे. संस्थानी काळापासून चाकू बनविणाऱ्या कारागिरांचे हे शहर. लांब पात्याचा, खटक्यावर उघडणारा रामपुरी चाकू हिंदी चित्रपटांनी घराघरांत पोचविला. १९६५ च्या 'वक्त' चित्रपटातील राजकुमार यांचा चाकूचा प्रसंग अनेकांना आजही आठवतो. परिणाम असा झाला की घडीचा चाकू म्हटले की फळाऐवजी गुंड डोळ्यांसमोर येऊ लागला. ज्या शहरात हे चाकू घडत, त्या रामपूरने २०२३ मध्ये एका चौकात रामपुरी चाकूची भव्य प्रतिकृती उभारून आपल्या जुन्या कारागिरीला मान दिला. परंतु खिशातील चाकूवरची ती सावली त्यामुळे हटलेली नाही.

पुण्यात या सावलीला अलीकडे दुसरे रूप मिळाले. २०२२ च्या अखेरीपासून कोयते घेऊन दहशत माजविण्याच्या घटनांनी शहर हादरले आणि कोयत्यांच्या विक्रीवर लक्ष ठेवण्याची वेळ पोलिसांवर आली. कोयता हे मुळात ऊस तोडण्याचे, नारळ सोलण्याचे अवजार. साधन तेच राहते. ते बाळगणाऱ्या हाताने त्याचा अर्थ बदलतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण नाही.

कायदा काय पाहतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येनुसार आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी घडविलेली वा तशी बनवून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. केवळ घरगुती अथवा शेतीच्या वापरासाठी बनविलेल्या वस्तू या व्याख्येतून वगळल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा समावेश आहे. त्यातही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामांसाठी असलेल्या चाकूंना अपवाद केलेला आहे. स्पार्टनचे मोठे पाते सुमारे ७ सेंटिमीटरचे आणि ओपिनेल क्रमांक ८ चे साडेआठ सेंटिमीटरचे. ९ इंच म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर; तेव्हा या मर्यादेपासून दोन्ही चाकू पुष्कळ दूर आहेत.

मात्र कायदा एवढ्यावर थांबत नाही. या अधिनियमाच्या कलम ४ अन्वये विशिष्ट प्रदेशांत बंदुकीखेरीज अन्य शस्त्रांवरही अधिसूचनेद्वारे निर्बंध घालता येतात. दिल्ली प्रशासनाने १९८० मध्ये काढलेली अधिसूचना याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. स्प्रिंगवर, गरारीवर, बटणावर किंवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे आणि ७.६२ सेंटिमीटर वा त्याहून लांब व १.७२ सेंटिमीटर वा त्याहून रुंद पाते असलेले चाकू तिच्या कक्षेत येतात. ही अधिसूचना पुण्यासाठी नाही. परंतु शासनाच्या नजरेला नेमके काय खुपते, हे तिच्यातून स्पष्ट होते. झटपट उघडणारे पाते आणि तीन इंचांपुढील लांबी या त्या दोन गोष्टी होत.

पुणेकरांच्या दृष्टीने अधिक निकटचा कायदा म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या कलम ३७ अन्वये सार्वजनिक शांततेसाठी पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीचे मनाई आदेश काढू शकतात. सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात वृत्तपत्रांतून हे आदेश प्रसिद्ध होतात. तलवारी, भाले, बंदुका यांच्या जोडीला सुऱ्या-चाकू, लाठ्या-काठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगण्यास त्या काळात मनाई करता येते. येथे पात्याची लांबी मोजली जात नाही. एरवी निरुपद्रवी असलेला खिशातील चाकू अशा दिवसांत अडचणीचे कारण ठरू शकतो. म्हणूनच गणेशोत्सवाच्या गर्दीत, मिरवणुकीत किंवा सभेला जाताना तो घरी ठेवणेच इष्ट.

या संदर्भात एक गैरसमज विशेष घातक आहे. 'चाकू कशासाठी?' या प्रश्नाला अनेक जण 'स्वसंरक्षणासाठी' असे उत्तर देतात आणि ते आपल्या बाजूचे आहे असे समजतात. वस्तुतः कायद्याच्या व्याख्येत आक्रमणाबरोबर संरक्षणाचाही उल्लेख आहे. फळे कापण्यासाठी, भटकंतीसाठी, दुरुस्तीच्या कामासाठी चाकू बाळगणारा माणूस अवजार बाळगत असतो. संरक्षणासाठी बाळगणारा आपल्याच शब्दांनी त्याला शस्त्र ठरवीत असतो. शिवाय झटापटीत छोटा चाकू उपसणाऱ्याचीच बोटे प्रथम कापली जाण्याचा संभव अधिक. न अडकणाऱ्या पात्याच्या बाबतीत तर हा धोका दुप्पट होतो. भीती हे ज्याचे कारण आहे, त्याने चाकू घेऊ नये, हेच उत्तम.

येरवड्यातील एक दिवस

येरवड्याचा रहिवासी दिवसभरात ज्या दारांतून आत-बाहेर करतो, त्यांतील अनेक दारांवर तपासणी असते. १८७१ पासूनचे मध्यवर्ती कारागृह याच परिसरात आहे. तेथे भेटीसाठी येणाऱ्या नातेवाइकांनी धारदार वस्तू आणू नये, हे सांगण्याची गरज नाही. तरीही किल्ल्यांच्या जुडग्यात अडकविलेला छोटा चाकू अनेकदा विस्मरणात जातो. माहिती तंत्रज्ञान संकुलांच्या फाटकांवर सामान यंत्रातून जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये येरवड्याचे मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून तेथील तपासणीची त्यात भर पडली आहे.

सर्वांत जवळचा आणि सर्वांत कडक नियम लोहगाव विमानतळाचा. विमानाच्या केबिनमध्ये न्यावयाच्या सामानात चाकूला परवानगी नाही, मग तो कितीही छोटा असो. तो विमान कंपनीच्या स्वाधीन केलेल्या मोठ्या बॅगेत ठेवावा लागतो. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर जगभर हे नियम कठोर झाले आणि व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूंच्या विक्रीला मोठा फटका बसला, कारण विमानतळांवरील दुकानांत भेटवस्तू म्हणून हे चाकू विकले जात. २०२४ मध्ये तर कंपनीने पात्याविना खिशातील साधने विकसित करीत असल्याचे सांगितले. चाकू बनविणाऱ्या घराण्यालाच चाकूशिवाय चाकू बनविण्याचा विचार करावा लागावा, यातच काळाचा बदल दिसतो.

मुलांकडे लंडनला जाणाऱ्या पुणेकर आई-वडिलांसाठी आणखी एक माहिती उपयुक्त ठरेल. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू सबळ कारणाविना जवळ बाळगता येतो. परंतु पाते अडकवून पक्के करणारा चाकू या सवलतीत बसत नाही, असे तेथील न्यायालयाने ठरविले आहे. म्हणजे लंडनच्या रस्त्यावर स्पार्टन चालतो. कडे असलेला ओपिनेल क्रमांक ८ मात्र बाळगण्याचे सबळ कारण सांगता यावे लागते. बोटांचे रक्षण करणारे कडेच तेथे आक्षेपाचा विषय ठरते, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

निगा आणि निवड

कोणताही चाकू घेतला तरी त्याची निगा महत्त्वाची. बोथट चाकू अधिक घातक असतो, कारण त्याला जास्त जोर द्यावा लागतो आणि तो निसटतो. धार लावण्यासाठी दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर पातळ पाते देऊ नये. चाकावर ते अतिशय तापले तर त्याचे पाणी उतरते आणि नंतर धार टिकत नाही. बारीक पोताच्या दगडावर, पाणी शिंपडून, दोन्ही बाजूंनी सारख्याच कोनात पाते सावकाश ओढावे. स्पार्टन कोमट पाण्यात उघडमीट करून धुवावा आणि पूर्ण कोरडा करून सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडावा. खाद्यतेल कालांतराने चिकट होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन त्याऐवजी चांगले. ओपिनेल पाण्यात भिजत ठेवू नये. पाते पुसावे, मूठ कोरडी ठेवावी. दुसऱ्याला चाकू देताना तो मिटूनच द्यावा आणि मुलांच्या हाती तो प्रथम मोठ्यांच्या देखरेखीखालीच यावा.

खरेदी करताना नकली मालापासून सावध राहावे. लाल मूठ आणि पांढरा क्रूस एवढ्यावरून चाकू स्विस ठरत नाही. पात्याच्या बुडाशी कंपनीचे नाव कोरलेले असते. नकली चाकूत पाती डगमगतात आणि स्प्रिंग ढिली असते. ओपिनेलच्या पात्यावर मुकुटधारी हाताची मुद्रा पाहावी व कडे घट्ट फिरते की नाही, हे तपासावे. पावती जपून ठेवावी.

मग निवड कोणाची करावी? शहरात रोज जवळ बाळगण्यासाठी स्पार्टन किंवा त्याहून लहान, कात्री असलेला ५८ मिलिमीटरचा 'क्लासिक' अधिक योग्य होय. तो अनेक कामे करतो, पावसाळा सोसतो आणि मुख्य म्हणजे पाहणाऱ्याला तो अवजारच वाटतो. ओपिनेलची जागा स्वयंपाकघराच्या फडताळात आणि भटकंतीच्या पाठपिशवीत. सिंहगडाच्या माथ्यावर काकडी-पेरू कापताना त्याची बरोबरी दुसरा करू शकणार नाही. ओपिनेलचाच मोह अनावर असेल, तर कडे नसलेला, ६ सेंटिमीटर पात्याचा क्रमांक ५ हा मधला मार्ग आहे.

दोन चाकूंमधील खरा फरक पोलादाचा नसून प्रसंगाचा आहे. ओपिनेल जेथे जेवण आहे तेथे शोभतो. स्पार्टन जेथे काम आहे तेथे. आणि जेथे गर्दी, तपासणी किंवा मनाई आदेश आहे, तेथे दोन्ही चाकू घराच्या खणातच असावेत. 'हत्यार' या शब्दाचा कोणता अर्थ आपल्या खिशात आहे, हे चाकू बनविणारा कारागीर ठरवीत नाही. ते बाळगणाऱ्यालाच ठरवावे लागते.